तिसऱ्या दालनाची खूण

रोमन साम्राज्यातल्या सिसिया शहराच्या टांकसाळीत नाण्याच्या तळाशी खूण उमटवत, ती काही शोभेसाठी नव्हे. आधी शहराच्या नावाची तीन अक्षरं, मग नाणं ज्या दालनात पाडलं त्याचं एक. नाणं खोटं निघालं तर कोणाची मान धरायची हे सम्राटाच्या माणसांना शोधत बसावं लागू नये, एवढाच तिचा उपयोग. दासियस जन्मभर नाणी पाडायच्या ठशांवर हीच अक्षरं कोरत आला होता. त्याचा बापही तेच करायचा. टांकसाळीत जन्मलेल्याला दुसरा धंदा करायची मुभाच नव्हती.

त्या सकाळी खजिन्याकडून आलेल्या माणसाने मेजावर पिशवी उपडी केली. नाण्यांत चांदी नावालाच होती आणि सगळ्यांवर तिसऱ्या दालनाचं अक्षर. तिथला मुकादम लिक्को, दासियसचा धाकटा भाऊ. दुपारपर्यंत त्याच्या पायांत बेड्या पडल्या. खोट्या नाण्याला शिक्षा एकच होती, जिवंत जाळायचं.

दासियसने एक नाणं उचलून उजेडात धरलं. नाण्यावरच्या विजयदेवीच्या पंखावर बारीक चीर उमटली होती. तो ठसा त्याला चांगला आठवत होता. मागे दुसऱ्या दालनाचे ठसे फुटले, तेव्हा तिथला मुकादम वेर्झो याने तो लिक्कोकडून मागून नेला होता. शेजारणीकडून चाळण आणावी तशी ही देवघेव चालायची, नाहीतर ठरलेला माल पुरा कसा व्हायचा? ठसा गेला तेव्हा धड होता, परत आला तो चिरलेला. दासियसनेच तो निमूटपणे मोडीत टाकला होता. म्हणजे ही नाणी वेर्झोने पाडली होती.

तो कोठडीकडे धावला.

"लिक्को, हे काम वेर्झोचं आहे. मी सांगतो जाऊन."

"काय सांगशील, दादा? सम्राटाचा ठसा मी दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून? त्याबद्दलही जाळतातच की."

"चांदी तू खाल्लीस का?"

"मी खाल्ली असती तर तुझी भावजय अशी जुनी चादर पांघरून हिंडली असती?"

"मेल्या, थट्टा सुचतेय तुला!"

"मग काय करू? तू बोललास तर वेर्झो जाईल, मीही जाईन, आणि चिरलेला ठसा लपवलास म्हणून तूही जाशील. गप्प बसलास तर मी एकटाच."

तरी दासियस टांकसाळीचा अधिकारी प्रोक्युलिनस याच्याकडे गेलाच. भावाला जळताना पाहण्यापेक्षा त्याच्यासोबत जळणं बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. प्रोक्युलिनसने सगळं ऐकून घेतलं.

"नाण्यावर वेर्झोचं अक्षर आहे?"

"नाही, धनी. पण ती चीर..."

"मी वर काय पाठवू, चीर? दोन दालनं बंद पडली तर सैन्याचा पगार कोण पाडणार? तुझा बाप? एक माणूस पुरे आहे. तू आत्ता काही बोललास, असं मला आठवत नाही."

दासियस हात जोडून उभा राहिला. शिपायांनी त्याला बाहेर घालवलं. मरायची तयारी असून तीही कोणाला नको होती.

लिक्कोला जाळलं त्याच दिवशी हुकूम आला: तिसऱ्या दालनाला नवा ठसा हवा, खूण तीच. दासियसने तो कोरला. एकही रेघ चुकली नाही याचीच त्याला शिसारी आली.

ठसा घ्यायला नवा मुकादम आला. लिक्कोचा मुलगा स्केनस; बापाची जागा आपोआप त्याच्या गळ्यात पडली होती. दोन लेकरांचा बाप, आणि रागाला आला की आवरत नसे.

"काका, खरं सांगा. बाबांनी केलं होतं?"

खरं कळलं असतं तर त्याने त्याच पावली जाऊन वेर्झोचं नरडं धरलं असतं, आणि दोन लेकरं उघड्यावर पडली असती.

"नाण्यावर अक्षर त्याचंच होतं," दासियस म्हणाला.

स्केनसने ठसा उचलला.

"मग आईला सांगतो, रडणं बंद कर म्हणून."