कोरून ठेवलेला पहिला नंबर

शिट्टीबाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा, आणि त्याला तिथून उठवायचे कष्ट त्यांनी कधी घेतलेही नव्हते. तरणतलावाच्या काठावर एक प्लास्टिकची खुर्ची, गळ्यात शिट्टी आणि तोंडात एकच मंत्र: "पाय! पाय मारा! पाय काय घरी विसरून आलात?" एकेकाळी त्यांनी पोहण्यात पदकं मिळवली होती. आता त्यांना स्वतः पाण्यात उतरून कित्येक वर्षं झाली होती. पोहायचं मुलांनी, ओरडायचं आपण आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा, एवढाच त्यांचा पाण्याशी संबंध उरला होता.

एका सकाळी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. मुलीच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. डॉक्टरांनी पोहायला घाला म्हणून सांगितलं होतं. घरात तिला लवंगी म्हणत, आणि होतीही ती तशीच, दिसायला एवढीशी पण डोळ्यांतून पाणी काढील अशी.

"हिला पाण्याची भीती वाटते का हो?" बाईंनी आईला विचारलं.

"मला विचारा की!" खुर्चीतून आवाज आला. "मी इथेच बसलेय."

बाईंना राग आला. तिरकस बोलणं हा त्यांचा प्रांत होता, आणि त्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी जीवरक्षकाला सांगून मुलीला पाण्यात उतरवलं, मांड्यांखाली फोमचा ठोकळा बांधायला लावला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. मुलीने हात मारायला सुरुवात केली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बाईंच्या तोंडून गेलं, "पाय! पाय मार, पाय!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. काठावरच्या पालकांनी आ वासला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. आणि लवंगी? ती हसत सुटली. इतकी हसली की नाकातोंडात पाणी गेलं, आणि खोकता खोकताच म्हणाली, "बाई, पाय कधीपासून संपावर आहेत! दुसरं काहीतरी सांगा!"

खरी पंचाईत ही होती की बाईंना दुसरं काही येतच नव्हतं. त्यांचं सगळं शिकवणं पायांपासून सुरू व्हायचं आणि पायांपाशीच संपायचं. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाच्या तळातून पोहायचा जुना पोशाख काढला, श्वास कोंडून तो अंगात चढवला, स्वतःचे पाय घोट्यांपाशी पट्ट्याने बांधले आणि पाण्यात उतरल्या. चार हात मारतात न मारतात तोच कंबर खाली गेली आणि बाईंनी चांगली गटांगळी खाल्ली. लवंगी काठाला धरून ओरडत होती, "मान वर काढू नका, बाई! मान वर काढली की मागचं बुडतं!"

हे बाईंना त्यांच्या लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. त्या विसरून गेल्या होत्या.

तेव्हापासून दोघी रोज पोहू लागल्या. कोपर कुठे वाकवायचं, छाती पाण्यात किती दाबायची, भिंतीपाशी पोचल्यावर नुसत्या हातांनी कसं वळायचं, हे त्यांनी भांडत भांडत शोधून काढलं. "तुम्ही चुकीचं सांगता" असं ती पोर बाईंना तोंडावर सांगायची, आणि बाईही तिला "आळशी, नंबर एकची आळशी" म्हणून झापायच्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर आता लोकांचे टॉवेल वाळायला लागले. बाईंना सकाळ व्हायची वाट बघावीशी वाटू लागली होती. अशी वाट बघणं त्या पार विसरल्या होत्या. ती पोर त्यांना आवडली होती, आणि दयामाया म्हणून नव्हे. आपल्याशी असं खरंखुरं बोलणारं जगात दुसरं कुणी नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

लोकांना मात्र यातलं ढिम्म कळत नव्हतं. "किती पुण्याचं काम करता हो, बाई!" असं कुणीतरी रोज म्हणायचं.

"पुण्य कसलं डोंबलाचं!" बाई फणकारायच्या. "पोहतोय आम्ही."

वार्षिक शर्यती जवळ आल्या तसं लवंगीने जाहीर केलं, "मलापण पोहायचंय. सगळ्यांबरोबर."

"शेवटची येशील."

"येईन की. पण मला एकदा कळू दे ना, मी खरी कितवी आहे ते." ती पाण्यावर हात आपटत म्हणाली. "घरी सगळे मला जिंकू देतात. पत्त्यांत जिंकू देतात. अहो, सापशिडीत जिंकू देतात! मी दुसरीकडे बघितलं की आजोबा फासा उलटवतात. मी काय आंधळी आहे?"

बाई कंबर कसून तलावाच्या सेक्रेटरीकडे गेल्या. सेक्रेटरी गोड माणूस होता. साखरेत घोळलेलं बोलायचा आणि समोरच्याचं ऐकायचा नाही. चहापानानंतर पाहुण्यांसमोर मुलीचं छोटंसं प्रात्यक्षिक ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या, प्रात्यक्षिक माकडाचं ठेवा, ही पोर दहा वर्षांखालच्या शर्यतीत पोहेल, एकदा जाऊन एकदा परत, बाकीच्या मुलांसारखी. त्यावर तो हसून चटकन "बरं" म्हणाला. एवढ्या लवकर "बरं" ऐकल्यावर बाईंना संशय यायला हवा होता. पण आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते.

शर्यतीच्या दिवशी काठावर कापड टाकलेलं टेबल, त्यावर चषक, मागे पाहुणे. बाकीची मुलं काठावरच्या ठोकळ्यांवरून सूर मारणार होती, लवंगी पाण्यातूनच सुरुवात करणार होती. बाईंनी शिट्टी वाजवली. जाताना मुलं पुढे होती. वळताना लवंगी त्यांच्या बरोबरीला आली. परतीला ती चक्क पुढे निघाली, आणि लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले. क्षणभर बाईंचंही काळीज सुपाएवढं झालं.

मग त्यांचं लक्ष शेजारच्या लेनकडे गेलं. तिथे निळ्या टोपीवाली होती, सगळ्या तलावात सर्वांत वेगवान पोर. ती निवांत हात हलवत इकडेतिकडे बघत होती. पलीकडचा मुलगा तर दोरीला धरून थांबलाच होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्याआधी लवंगीला कळलं होतं. श्वास घ्यायला मान वळवली तेव्हा तिला बाजूला कुणीच दिसलं नाही. ती थांबली. लेनची दोरी धरून तिने मागे बघितलं.

"तू मागे का राहिलीस?" तिने निळ्या टोपीला विचारलं.

"आम्हाला सांगितलंय."

"कुणी?"

निळ्या टोपीने काठावर उभ्या असलेल्या सेक्रेटरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. बिचारीला हळू पोहायचं सोंगही नीट जमलं नव्हतं.

"चल बाळा, थोडंच राहिलंय!" सेक्रेटरी माइकवरून ओरडला. लोकांनी ठेका धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लवंगी हलली नाही. तिने बाईंकडे बघितलं. आजवर ती बाईंवर खूपदा चिडली होती, पण तिने असं कधी बघितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा यात आहात का, एवढंच त्या नजरेत होतं.

बाईंनी जोरात शिट्टी फुंकली. "रद्द! सगळ्यांनी परत जागेवर!"

सेक्रेटरी धावत आला. "अहो बाई, पाहुण्यांना उशीर होतोय. आणि चषकावर नाव कोरून झालंय!"

बाईंनी टेबलाकडे बघितलं. सगळ्यांत मोठ्या चषकावर लवंगीचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली 'प्रथम क्रमांक'. शर्यत व्हायच्या आधी हे महाशय कोरणाऱ्याकडे जाऊन आले होते. पोरगी महिनोन्महिने हात दुखेस्तोवर पोहत होती, आणि इथे तिचा नंबर तिच्या घामाशिवायच ठरला होता.

"लाज वाटत नाही?" बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या पोरीला फसवता? आणि या बाकीच्या पोरांना खोटं पोहायला शिकवता?"

"तिला आनंद व्हावा म्हणूनच ना!"

"तिला विचारलंत? एकदा तरी तिला विचारलंत?" आणि त्या मुलांकडे वळल्या. "ऐका रे. जो मुद्दाम मागे राहील, त्याने पुन्हा माझ्यासमोर यायचं नाही."

"शिट्टी वाजवलीत तर उद्यापासून तुम्हीच येऊ नका," सेक्रेटरी म्हणाला. या वेळी त्यात साखर नव्हती.

बाईंनी शिट्टी वाजवली.

या वेळी मुलं जीव तोडून पोहली. निळी टोपी पहिली आली, मग दुसरे, तिसरे, सगळे. मुलं बाहेर आली, टॉवेल गुंडाळून झाले, पाहुणे चहाला गेले, तरी लवंगी अजून पाण्यातच होती. दमलेली, हात जड झालेले. पण ती आली. भिंतीला हात लावला आणि दोरीवर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.

आई धावली. "बघितलंत? तुमच्या हट्टापायी रडली माझी पोर!" ती बाईंवर कडाडली. "ते चांगल्यासाठीच करत होते ना?"

पहिल्यांदाच बाईंना वाटलं, आपलं चुकलं की काय. तेवढ्यात सेक्रेटरी चषक घेऊन काठावर वाकला. "हे घे गं बाळा, रडू नकोस. एक फोटो काढू, हास बघू."

लवंगीने ओल्या डोळ्यांनी चषकावरची अक्षरं वाचली. "काका, यावर पहिली लिहिलंय," ती हुंदके देत म्हणाली. "मी शेवटची आलेय. हे खोडून आणा."

"अगं, घे ना," आई म्हणाली. "नको ना रडू."

"का नको? हरले ना मी!" ती ओरडली. "ही निळ्या टोपीवाली मागच्या वर्षी हरली तेव्हा तासभर रडली म्हणे. तिला कुणी कप दिला? सगळ्यांना हरल्यावर रडू देतात. मलाच का नाही?"

आईने सेक्रेटरीच्या हातातला चषक हळूच बाजूला सारला.

बाई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या आणि लवंगीच्या शेजारी दोरीला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही की 'पुढच्या वेळी' म्हटलं नाही. कुणी जवळ यायला लागलं की नुसतं बघत होत्या, आणि तेवढं पुरत होतं.

बऱ्याच वेळाने लवंगीने नाक पुसलं. "मी कुठे मागे पडले?"

"वळताना. भिंत आली की घाबरतेस."

"उद्या तेच करू." मग तिला आठवलं. "पण तुम्हाला काढलं ना त्यांनी?"

"नोकरीतून काढलंय, पाण्यातून नाही. तिकीट काढून येईन," बाई म्हणाल्या. "तू आधी नीट रडून घे."