चाळीस सेकंदांची भरती

श्रीवर्धनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या दत्तात्रेय मास्तरांनी १९६५ सालच्या भरती-ओहोटीचं तासवार कोष्टक एकहाती केलं होतं. चंद्र-सूर्याचे कोन, लॉगची पुस्तकं, नऊ वह्या. सोळा महिने लागले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा जुना विद्यार्थी ताजुद्दीन सुट्टीला आला. तो मुंबईला एका संस्थेच्या संगणकावर कामाला होता. आदल्या खेपेला त्याने मास्तरांची मूळ सूत्रं उतरवून नेली होती. आता त्याने घडीघडीचा लांबलचक कागद ओटीवर उलगडला.

"किती दिवस लागले रे?"

ताजुद्दीन अडखळला. "छापायला चार मिनिटं, गुरुजी."

"आणि हिशेबाला?"

"चाळीस सेकंद. उरलेला वेळ यंत्र छपाईची वाट बघत बसलं होतं."

मास्तरांनी कागदाची एक घडी उलटून पाहिली. "एवढी अक्कल त्याला आली कुठून?"

"अक्कल नाही. दोन आकडे उचलायचे, बेरीज करायची, परत ठेवायचे. तुम्ही करता तेच, एका वेळी एकच. फक्त सेकंदाला लाखभर वेळा."

मास्तरांनी वही काढून आकडे ताडून पाहायला घेतले. जानेवारी जुळला. जूनही जुळला. चौदा जुलैला बोट थांबलं.

"तुझं यंत्र चुकलंय."

मास्तरांनी तो दिवस पुन्हा मांडला. चंद्राचा कोन रोज कालच्या कोनात भर घालून काढायचा. चौदा तारखेला हातचा एक धरायचा राहिला होता. दहा अंशांची चूक, आणि तिथून डिसेंबरपर्यंत प्रत्येक भरती सुमारे चाळीस मिनिटांनी खोटी.

नारळी पौर्णिमेनंतरचे तक्ते त्यांनी जीवना बंदरावर वाटून टाकले होते. त्या वेळा धरून होड्या खडकांमधून आत येणार होत्या.

मास्तर अनवाणीच निघाले, ताजुद्दीन घडीचा कागद घेऊन मागोमाग. बंदरावर एका होडीचा तांडेल काळूराम जाळं शिवत होता.

"काळूराम, ते कागद फाडा. माझं चुकलंय."

"तुमचं? मास्तर, तुमचं कसं चुकंल?"

"चुकलं. यंत्रानं दाखवलं."

"मंग यंत्र चुकत न्हाय व्हय?"

"आपण चुकीचं सांगितलं, तर तेही चुकेल," मास्तर म्हणाले. "तेवढ्याच चाळीस सेकंदांत."

होडीच्या फळीवर बसून दोघांनी नवे तक्ते लिहायला घेतले. मास्तरांनी लेखणी ताजुद्दीनच्या हातात दिली आणि ते छापील कागदावरून एकेक आकडा दोनदा वाचून सांगू लागले.