बिनधुराचं घर

सिहोऱ्यात दिवस कलला, कौलांवर धूर उठू लागला की टिकाराम ओट्यावर येऊन बसे. त्याच्या तरुणपणी गाव याच वेळी सगळ्यात जास्त बोलायचं. निळसर, सरळ धूर म्हणजे वाळल्या तुराट्या, नेटकं घर. जमिनीलगत लोळणारा म्हणजे ओली लाकडं, आळशी नवरा. धूरच नाही म्हणजे एकतर भांडण, नाहीतर मयत. समोरच्या भैयाजीकडे दोन चुली पेटल्या की टिकाराम बायकोला, सीताबाईला सांगे, "सोयऱ्यांचा मुक्काम पडला वाट्टे!" आणि बहुधा खरं निघे.

गॅस आला आणि एकेक घर मुकं झालं. टिकारामला मात्र वरण चुलीवरचंच लागे. त्याच्या घरची गॅसची शेगडी सीताबाईनं विणलेल्या रुमालाखाली नव्या नवरीसारखी बसून होती.

या हिवाळ्यात दोन पायऱ्या चढतानाच सीताबाईचा दम सरू लागला. तुमसरच्या डॉक्टरनं छाती तपासून विचारलं, "आई, बिडी किती वर्षं ओढता?"

"वळते जी, ओढत नाही." ती हसली आणि हसता हसता खोकली.

"मग चूल?"

"गॅस हाय घरी," टिकाराम घाईनं म्हणाला.

सीताबाई त्याच्याकडं वळली. "हाय ना. रुमाल टाकून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. धुरानं फुप्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी झालीत. असंच चाललं तर पुढं नळी लावून श्वास घ्यावा लागेल, हे त्यानं टिकारामकडं बघून सांगितलं.

घरी येताच ती सवयीनं फुंकणी घेऊन चुलीशी बसली.

"ऊठ."

"काहून?"

"ऊठ म्हणतो ना!"

त्यानं रुमाल काढला. "खटका दाबा न् फिरवा... तसा नाही जी, उलटा!" ती बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती. कशीबशी शेगडी पेटली, वरण चढलं.

तेवढ्यात शेजारची वच्छला भाताचं पातेलं घेऊन धावत आली. "काकाजी, आज धूर नाही दिसला. काकीले काही झालं का जी?"

टिकारामचं तोंड उतरलं. "काही नाही झालं. मीच गॅस पेटवला."

"तुमी?" वच्छलानं पदर तोंडाला लावला.

जेवायला बसल्यावर त्यानं पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. त्यात धुराचा तो वास नव्हता. आईच्या रांधणीचा, गावभरच्या त्या संध्याकाळींचा.

"कसं झालं?" सीताबाईनं विचारलं.

"वरण हाय," तो म्हणाला आणि ताट पुढं करून आणखी वाढून घेतलं.