डावखुऱ्या कात्रीचा थवा

मित्रांनो, तो दिवस अगदी साधा होता. सकाळी आईने माझ्या पात्यांच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला, फडक्याने मला पुसलं आणि निळ्या रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. लेकीच्या लग्नाचं रिसेप्शन जवळ आलं होतं. लेक आणि होणारा जावई, दोघंही नोकरीपायी गावोगाव हिंडलेली, म्हणून थीम ठरली उडत्या पक्ष्यांची. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तारेवर कागदी पक्ष्यांचा थवा लागणार होता. दुपारी आई लेकीला म्हणाली, "बस की जरा. एक पंख कापून बघ."

लेकीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "तूच कर गं. मला नाही जमायचं."

आई हसली आणि तिने पुढचा पक्षी कापायला घेतला. त्या दिवशी एवढंच घडलं.

मी एक जुनी कात्री आहे, आणि तीही डावखुरी. माझी पाती इतर कात्र्यांच्या उलट बसवलेली आहेत. उजव्या हातात मी कापत नाही, कागद नुसता चावते. हे ठाऊक नसल्यामुळे दुकानात माझी फार नाचक्की झाली. गिऱ्हाईक मला घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी "ही बिघडलेली आहे" म्हणून परत आणून टाकी. शेवटी दुकानदाराने मला काचेच्या कपाटातून काढून सुतळीच्या बंडलांमागे ढकललं. तिथे बसून मलाही वाटू लागलं होतं, की खोट माझ्यातच आहे.

मग एक तरुण मुलगी आली. तिने मला डाव्या हातात धरलं आणि पुड्याच्या कागदात सरळ रेघ कापली. दुकानदार म्हणाला, "न्या बाई, ही कुणालाच चालत नाही." ती म्हणाली, "मग आमचं जमेल."

तीच ही आई. दुसऱ्यांच्या लग्नांची सजावट हाताने करून देणं हा तिचा व्यवसाय. मी काय काय कापलं म्हणून सांगू? कुणाला स्टेजवर आगगाडीचं स्टेशन हवं असे, कुणाला चांदण्यांचं छत. एका हौशी जोडप्याला तर जेवणाच्या टेबलांवर पुठ्ठ्याची दीपगृहं हवी होती. आई साचा कधी वापरत नसे. साच्याने पक्षी कवायतीला उभे राहतात, म्हणे. प्रत्येक आकृती ती हाताने काढी. लोक वाहवा करत, फोटो काढत, आणि दुसऱ्या दिवशी सगळी सजावट कचऱ्यात जाई. आईला त्याचं दुःख नव्हतं. मला मात्र थोडं होई.

त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी आई बाजारातून येताना रस्त्यात खाली बसली, ती उठलीच नाही.

मला कुणीतरी बिस्किटांच्या डब्यात टाकलं. रिसेप्शन पुढे ढकललं गेलं. पावसाळी हवेत माझ्या पात्यांवर तांबूस डाग चढले. डब्याबाहेरून बोलणी ऐकू येत. जावई म्हणाला, तुला नको असेल तर रिसेप्शन करूच नको. मावशीचं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचं म्हणणं पडलं, की कार्यक्रम करावा, पण पक्षी तयार आणावेत. थवा निम्माच झाला होता. लेक म्हणाली, उरलेले मी करते. नाही झाले, तर काहीच लावायचं नाही.

एके दिवशी झाकण उघडलं. लेकीने मला उजव्या हातात घेतलं आणि मी कागद चावला. तिने पुन्हा धरलं, मी पुन्हा चावला. मावशी हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "अगं, ती तुझ्या आईची कात्री. तुझी आई कडीसुद्धा डाव्या हाताने काढायची, आणि दार आपटायचं माझ्या नाकावर. स्वयंपाकघरातली घे." लेकीने ऐकलं नाही. तिने माझा गंज काढला, तेल घातलं आणि मला डाव्या हातात धरलं. पेन्सिलीने आकृती काढायची उजव्या हाताने आणि कापायचं डाव्याने. पहिला पक्षी कोंबडीसारखा झाला, दुसरा किटलीसारखा. कागद वाया गेले, बोटाला घट्टे पडले. पण हळूहळू पंखांना पंखांचा आकार आला.

रिसेप्शनच्या दिवशी वायरमनने शिडीवर चढून थवा लावला. डावीकडे आईचे पक्षी, उजवीकडे लेकीचे. खाली उतरून त्याने मान वाकडी केली. "ताई, अर्धे उलटे झालेत. फिरवू का?"

तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की ज्या हाताने काढावं त्याच्या उलट बाजूला चोच वळते. डाव्या हाताने काढलेल्या आईच्या पक्ष्यांच्या चोची उजवीकडे होत्या, आणि उजव्या हाताने काढलेल्या लेकीच्या पक्ष्यांच्या डावीकडे. फिरवावे, तर मागची बाजू कोरी. दोन्ही थवे एकमेकांच्या दिशेने निघाले होते. लेकीने वर पाहिलं.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "असेच राहू दे."

मित्रांनो, आम्हा कात्र्यांचं मागणं फार नसतं. वर्षातून दोनदा तेल द्या, ओलं ठेवू नका, आमच्याकडून पत्र्याचे डबे उघडवू नका. आणि घरात कुणी एकटंच काही करत बसलं असेल, तर शेजारी जाऊन बसा. वाकडं कापलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. कागद पुन्हा मिळतो.

पाहुणे यायला वेळ होता. मावशी लेकीजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तिला एकच सल होती गं. म्हणायची, पोरीला माझ्या कामाचा कंटाळा आहे."

मावशी फुलदाण्या बघायला गेली. लेक मला हातात घेऊन शिडीवर चढली, तारेवरच्या दोऱ्याचं लोंबतं टोक कापलं आणि तिथेच थांबली. आईचा शेवटचा पक्षी तिच्या तोंडासमोर हलत होता.

"आई," ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "मला कंटाळा कधीच नव्हता गं. तुझ्यासमोर वाकडं कापायची लाज वाटायची."