मंगळवारचं पाणी

लक्ष्मणरावांनी दोरी बांधलेली बादली पुलाच्या कठड्यावरून खाली सोडली, पाण्यावर दोनदा आपटून भरून घेतली आणि हात बदलत वर ओढली. मग काचेची बाटली दोन पायांत धरून तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि बादली तिरपी केली. पाणी खळखळत आत गेलं. संहिताने मोबाइलवर दोन फोटो काढले. तिसरा काढताना तिला बाटलीतले बुडबुडे दिसले, आणि तिने मोबाइल खाली घेतला.

छत्रीबागेच्या मागे खान नदीवर हा लहानसा पूल आहे. दर मंगळवारी सकाळी आठला इथलं पाणी बाटलीत भरून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यायचं, हे लॅब अटेंडंट लक्ष्मणराव जाधवांचं काम. त्या पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलेला आहे त्यावरून नदीची तब्येत सांगायची, हे संहिता फणसेचं. सात वर्षं दोघं हे करत होते. पहिलं वर्षभर संहिताही यायची, चपला हातात घेऊन. पुढे आकडे साठत गेले, ती संगणकासमोर बसली, आणि नदीवर पीएचडी करणाऱ्या बाईला नदीकडे फिरकायची गरज उरली नाही. या धंद्यात असं होतं आणि त्याची कुणाला गंमतही वाटत नाही. आज ती आली होती ती फोटोपुरती. शुक्रवारी तिची व्हायवा होती, प्रबंधाची तोंडी परीक्षा, आणि पाणी कसं घेतलं हे सांगणाऱ्या पानावर चित्र नव्हतं.

त्या पानावर लिहिलेलं तिला पाठ होतं. बाटली पाण्याखाली आडवी बुडवायची, हळूहळू भरू द्यायची, बूचही पाण्याखालीच लावायचं. हवेचा एक बुडबुडा आत जाता कामा नये, कारण हवेत ऑक्सिजन असतो आणि तो पाण्यात मिसळला तर मेलेली नदीही जिवंत दिसते. हे तिनेच लक्ष्मणरावांना शिकवलं होतं, त्या तिथे खाली, शेवटच्या पायरीवर उकिडवं बसून.

"काका, तुम्ही खाली उतरून नाही घेत पाणी?"

"घुटना गेला ना ताई माझा. पायऱ्यांवर हिरवी काई जमली आहे, फिसलून पडलो होतो. तेव्हापासून वरूनच घेतो. पाणी तर तेच आहे ना."

"कधी पडलात?"

लक्ष्मणरावांना आठवावं लागलं नाही. "एकोणीस साली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी. डॉक्टर बोलले, आठ दिवस बेडरेस्ट. पण दसरा मंगळवारीच आला होता. मी म्हटलं, नागा नाही करायचा. पट्टी बांधली आणि घरून बाल्टी घेऊन आलो."

हे त्यांनी जरा अभिमानाने सांगितलं. होतंही तसंच. सात वर्षांत त्यांचा एक मंगळवार चुकला नव्हता, आणि प्रबंधाच्या आभारांत संहिताने हे वाक्य लिहिलंही होतं.

एकोणीस सालच्या पावसाळ्यात पुलाच्या वरच्या अंगाला विद्यापीठाने तरंगते वाफे सोडले होते. बांबू आणि प्लास्टिकच्या नळ्यांच्या चौकटी, त्यांत कर्दळीची रोपं, मुळं सरळ नदीत. आराखडा तिचे गाईड डॉ. देवदत्त पारनेरकर यांचा. वाफे लावले आणि ऑक्टोबरात नदीतला ऑक्सिजन एकदम वाढला, तो वाढलेलाच राहिला. प्रबंधाचा सगळा जीव या एका गोष्टीत होता. नेमका बदल कधी झाला हे शोधून काढायला गणित विभागातल्या मानसने तिला एक पद्धत बसवून दिली होती. उत्तर आलं तेव्हा तो स्वतःच चकित झाला होता. बदल एका आठवड्यात झाला आहे, तो म्हणाला, एक ऑक्टोबर आणि आठ ऑक्टोबरच्या मध्ये. गणित सहसा इतकं साफ बोलत नाही.

आठ ऑक्टोबरला दसरा होता. गणिताने लक्ष्मणरावांचा गुडघा अचूक शोधून काढला होता.

संहिताने पिशवीतून दुसरी बाटली घेतली आणि कठडा धरून पायऱ्या उतरली. लक्ष्मणराव वरून सांभाळून, सांभाळून म्हणत राहिले. खाली बसून तिने बाटली आडवी केली, मनगट पाण्याखाली गेलं, बाटली हळूहळू भरली. बूच लावून ती वर आली. दोन्ही बाटल्या कठड्यावर शेजारी ठेवून तिने दोन्हींत पिशवीतली, ऑक्सिजन तपासायची दोन औषधं थेंब थेंब सोडली. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. बादलीतलं पाणी तपकिरी झालं. नदीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

लक्ष्मणराव एकदा या बाटलीकडे, एकदा त्या बाटलीकडे बघत होते. काही गडबड झाली का ताई, त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मग तिने दोन्ही बाटल्यांचा एकत्र फोटो काढला, हात रुमालाला पुसले आणि रिक्षा केली.

आपल्याला धक्का बसेल, घाम फुटेल, निदान डोळे तरी भरतील, असं तिला रिक्षात वाटत होतं. तसं काही झालं नाही. दंतवैद्याने सुई दिल्यावर गालाचं जे होतं ते तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. बड्या गणपतीच्या देवळापाशी आईचा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी पेढे किती सांगायचे, आईला विचारायचं होतं. संहिता दोन किलो म्हणाली. आईने तीन सांगते म्हटलं, त्यावरही ती बरं म्हणाली.

विद्यापीठात पारनेरकर सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. फोटो बघायला त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. माणूस वाईट नव्हता. विद्यार्थ्यांच्या कामावर स्वतःचं नाव चिकटवणाऱ्यांतला तर नव्हताच. पण ते वाफे त्यांचे होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि गावोगावच्या नद्यांसाठी त्यांच्याकडे विचारणा येत होती. वाफ्यांचाही थोडा परिणाम असेलच, ते म्हणाले, सगळंच बादलीचं कशावरून. संहिता म्हणाली, नदीतली बाटली पांढरी आहे सर. त्यांनी मोबाइल तिला परत दिला.

मग त्यांनी तिला चहा घेतलास का म्हणून विचारलं. चहा आला. तिच्यापुढच्या कपावर साय धरली तरी ती त्याकडे नुसती बघत बसली होती.

"बाहेरचे परीक्षक उद्या निघतायत," सर म्हणाले. "तुझी सात वर्षं आहेत यात. आज हे काढलंस तर आणखी तीन जातील, आणि मी तेव्हा इथे नसेन. आधी डॉक्टर हो. मग वर्षभराने शांतपणे दुसरा पेपर लिही, त्यात दुरुस्त कर. लोक असंच करतात, संहिता."

तिने कप थोडा बाजूला सरकवला.

"आणि लक्ष्मणरावांना सांग, जसं चाललंय तसं चालू द्या. आता मध्येच खाली उतरायला लागले तर नदी एका आठवड्यात मरेल."

"बरं," ती म्हणाली. आपला आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. सकाळपासून ती सगळ्यांना बरं म्हणत होती आणि म्हणणं सोपं जात होतं. तेहेतिसाव्या वर्षी आणखी तीन वर्षं म्हणजे काय, हे तिने मनात मांडून पाहिलं, तर त्याचंही काही वाटेना.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती लक्ष्मणरावांच्या घरी गेली. फोनवर सांगून भागलं असतं, पण फोनवर ते चार प्रश्न विचारतील असं तिला वाटलं. छत्रीबागेच्या एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या, मागची खिडकी नदीकडे. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे. त्यांच्या तलवारीची आता फक्त खुंटी राहिली होती आणि तिच्यावर छत्री टांगलेली होती. त्यांच्या बायकोने, जनाबाईंनी, तिला खुर्ची दिली, पाणी आणलं, आणि डॉक्टरीण बाई आमच्या घरी आल्या म्हणत त्या कौतुकाने बघत राहिल्या. संहिताने अजून व्हायचेय म्हटलं. झालंच समजा, जनाबाई म्हणाल्या.

लक्ष्मणराव मात्र सकाळपासून बेचैन होते. आपल्या हातून काहीतरी चुकलंय हे त्यांना त्या दोन बाटल्यांवरून कळलं होतं. संहिताने सरांचा निरोप दिला. चुकलं काही नाही, जसं घेता तसंच घेत चला, कुणाला काही सांगायचं कारण नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर घाबरलोच होतो ताई, ते म्हणाले, आणि उठून भिंतीवरची एक चौकट काढून आणली. तीन वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. खान नदी सुधारते आहे, असा मथळा, खाली सरांचा फोटो आणि त्याखाली तिचं नाव. बोळातल्या लोकांशी यावरून त्यांची नेहमी बहस होई. नदीला वास येतो म्हणून लोक कुरकुरत. मग लक्ष्मणराव ती चौकट घेऊन बाहेर जात. बाटली मी भरतो की तुम्ही, असं विचारलं की समोरचा गप्प बसे.

वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर नदीही आत आली. संहिताने नकळत ओढणी नाकाला लावली.

लक्ष्मणराव बोलायचे थांबले.

"ताई, तुम्हाला वास येतोय?"

"हो. येतोय ना."

त्यांनी जनाबाईंकडे पाहिलं. जनाबाईंनी त्यांच्याकडे. मग लक्ष्मणराव फळीपाशी गेले आणि औषधाची एक लहानशी बाटली घेऊन आले. आधी ते सांगायला लाजत होते. पण ताई शिकलेल्या, शिवाय घरच्यासारख्या, म्हणून त्यांनी सांगितलं. पेपरात ते छापून आलं, तरी त्यांच्या नाकातला वास काही जाईना. बायकोच्याही जाईना. आदल्या वर्षी दोघांनाही करोना होऊन गेला होता. नाकाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, करोनानंतर काही लोकांना नसलेला वास येत राहतो, खूप दिवस राहतो. त्यांनी थेंब लिहून दिले.

"सुबह-शाम दोन-दोन थेंब," लक्ष्मणराव म्हणाले. "दोघंही घालतो. तीन साल होतील. फरक तर काहीच नाही. मी हिला म्हणायचो, ताईंच्या मशीनमध्ये नदी साफ आली आहे, मंजे आपलंच नाक खराब आहे. अजून थोडे दिवस घाल."

"ह्यांना जळजळ होते फार," जनाबाई म्हणाल्या. "पण सोडत नाहीत."

संहिताने ओढणी नाकावरून काढली. बाटलीवरचं लेबल हाताळून हाताळून पुसून गेलं होतं. तीन वर्षं, रोज दोन वेळा, दोन माणसं. तिने हिशेब करायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला. तिला लाज वाटली. सकाळपासून जे काहीच वाटत नव्हतं ते सगळं लाजेच्याच रूपाने आलं.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत, काका."

"तुम्हाला काय बोलणार? तुम्ही तर मोजून सांगत होता." ते बाटली तळहातावर फिरवत राहिले. मग त्यांनी जरा भीत भीत विचारलं, "तर ताई, हे आता चालू ठेवू, की बंद करू?"

बोळातून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शुक्रवारला तीन दिवस होते. परीक्षकांचं तिकीट झालं होतं, पेढे सांगून झाले होते. नुसतं चालू ठेवा म्हणायचं होतं, आणखी थोडे दिवस. दिवसभर ती सगळ्यांना बरं म्हणत आली होती, तसंच हेही म्हणता आलं असतं.

"बंद करा," संहिता म्हणाली. "दोघंही. आजपासून."

"पक्कं?"

"पक्कं. सरांना मी सांगते."

सरांचा इथे काय संबंध, हे लक्ष्मणरावांच्या लक्षात आलं नाही. ते जनाबाईंकडे वळले होते. "बघ," ते म्हणाले, "नाक ठीक आहे आपलं." आणि त्यांना इतका आनंद झाला होता की, त्यांनी उठून खिडकी पूर्ण उघडली आणि छाती भरून श्वास घेतला.