कात्रीवरचा आळ

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये सुतळीच्या गुंड्याखाली वाकड्या टोकाची एक जुनी कात्री पडलेली आहे, ती मी. माझ्या पात्यांवर गंज चढला आहे. त्याचं मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. आताशा कशाचंच फारसं वाटत नाही.

मला घडवलं होतं डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. पण नव्वद साल उलटल्यावर मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आले आणि कागद कापायला लागले. कसला कागद, ते सांगते. माणसाच्या रक्तातल्या पेशी काही दिवस उबेत वाढवत, त्यांना रंग देत आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांचा फोटो काढत. त्यात गुणसूत्रं दिसत, परातीत सांडलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारखी. आईबापाकडून लेकराला जे मिळतं ते त्यांतूनच. आमच्या प्रयोगशाळेतल्या कोकिळाताई माझ्या टोकाने फोटोतलं एकेक गुणसूत्र कापत आणि जोडीला जोडी लावून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवत.

"या कात्रीले कोणी हात लावाचा नाई," असं त्या सगळ्यांना बजावत. साधी पट्टीही माझ्याने कापू देत नसत. तेव्हा मला भारी गर्व होता.

एका उन्हाळ्यात आंजी गावची धुरपता आली. तिला दिवस राहत आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडून जाई. असं किती वेळा झालं ते विचारलं, तर ती नुसती भिंतीकडे पाहत बसली. सोबत सासू होती, शकुंतलाबाई. तिने मुलासाठी अल्लीपूरची दुसरी मुलगी हेरून ठेवली होती. सुनेत दोष निघाला की लगेच बोलणी करायची, एवढंच बाकी होतं.

धुरपताचा फोटो मी कापला. सगळ्या जोड्या नीट लागल्या, म्हणजे तिच्यात दोष नव्हता.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याचंही रक्त लागेल." आता नवरा, म्हणजे लहानू, कुठे होता? बायकोला फाटकापर्यंत पोचवायचं आणि आपण पानठेल्यावर जाऊन बसायचं, अशीच तिथल्या नवऱ्यांची रीत. तो टाळत राहिला. शेवटी शकुंतलाबाईंनीच त्याला दंडाला धरून आणलं.

"देऊन टाक बाबू. तुह्यात का निंगते? मंग अल्लीपूरले जाऊ."

लहानूचा फोटो कापून कोकिळाताई जोड्या लावायला बसल्या आणि थांबल्या. एका गुणसूत्राचा शेंडा तोकडा होता आणि दुसरं एक उगाच लांब झालं होतं. दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून असली, तर एकाचा तुकडा कापताना दुसऱ्याकडे जाऊ शकतो. त्यांना तेच वाटलं.

"ही कात्रीच घसरली," त्या म्हणाल्या. "याचा शेंडा त्याले देऊन बसली."

मी घसरले नव्हते. पण मला कोण विचारतो? त्यांनी मला बाजूला फेकलं, नवी कात्री काढली आणि दुसऱ्या पेशीचा फोटो कापला. तोच शेंडा तोकडा. आणखी एक कापला. तेच. मग त्यांनी मला उचलून मुकाट्याने डब्यात ठेवलं. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

तिघं निकालाला आली. मॅडमनी पुठ्ठा समोर धरला. "लहानू, तुमच्या एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला आहे. जन्मापासूनच. तुम्हाला त्याचा त्रास नाही. पण लेकरात तो कमी-जास्त उतरला, की गर्भ टिकत नाही. कधी टिकूही शकेल. यात कुणाची चूक नाही."

लहानू पुठ्ठ्याकडे बघत राहिला. शकुंतलाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली.

धुरपता सासूला म्हणाली, "माह्यात निंगालं असतं, त दुसरी आनली असती. आता का करता?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ज्या बाईला इतकी वर्षं वांझोटी म्हणून ऐकवलं, तिला "चुकलं" एवढंही कोणी म्हणालं नाही. शेवटी तीच उठली. "चाला. बस जाईन," म्हणाली. तिघं ज्या क्रमाने आली होती त्याच क्रमाने गेली, लहानू पुढे आणि धुरपता सगळ्यांच्या मागे.

पुढे दोन हजार साल उलटलं आणि कॉम्प्युटर आला. आता गुणसूत्रं पडद्यावरच कापतात, पडद्यावरच जोड्या लावतात. मग माझ्याने पट्ट्या कापल्या, पुड्या फोडल्या, सुतळीही कापली. धार गेली आणि मी ड्रॉवरमध्ये आले.

मला पुसून तेल लावा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढंच करा. कोणाला बोल लावण्याआधी दुसरा फोटो कापून पाहा. आणि आळ खोटा निघाला, तर ज्याच्यावर घेतला त्याच्याशी एक शब्द बोला. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल, मी पोलादाची आहे. धुरपता त्या दिवशी बसपर्यंत सगळ्यांच्या मागून चालत गेली.