इंचाला चौदा टाके

मास्तर ही बाई होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते शिंपी होते आणि त्यांनी शिवलेला शर्ट अंगात घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ व्हायचा. ते गेल्यावर दुकान, कात्री, टेप आणि मास्तर हे नाव असं सगळं एकदमच मुलीच्या गळ्यात पडलं. बावन्न वर्षांच्या बाईला मास्तर म्हणताना कुणाची जीभ अडखळत नसे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

सध्या मात्र मास्तरची झोप उडाली होती. लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून दुकानात नवं कापड येईनासंच झालं होतं. यायचे ते चेन बदलायला, नाहीतर पँटची उंची कमी करायला. भावाच्या मुलाचा तयार कपड्यांचा कारखाना जोरात होता. तो म्हणाला, "आत्या, पुरे झालं आता. दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. काजं-बटणं बघ. पंख्याखाली बसून काम." पोरगा मनाने चांगला होता, म्हणून तर पंचाईत. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. काजं-बटणं ती आठ वर्षांची असताना करायची, वडील मशीनला हात लावू देत नव्हते तेव्हा. आता बावन्नाव्या वर्षी पुन्हा तिथेच जाऊन बसायचं? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

अशात एक दिवस सिस्टर ड्युटीवरून थेट दुकानात आली. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, मास्तरची शाळेपासूनची मैत्रीण. पाय मोडलेली एक पेशंट तिच्या वॉर्डात होती. दूर किनाऱ्यावर त्या बाईंची जागा होती, आणि तिथे तंबू लावून त्या लोकांची राहायची सोय करायच्या. विकत आणलेले तंबू वाऱ्याने एका वर्षात फाटतात, अशी त्यांची तक्रार.

"मी म्हटलं, आमची मास्तर शिवेल की," सिस्टर म्हणाली. "बारा हवेत त्यांना. आधी एक नमुना बघू म्हणाल्या."

"मला न विचारता तू कबूल करून आलीस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरंच होतं. समोरच्या दुकानातला पंक्चरवालाही तोवर हात पुसत येऊन उभा राहिला होता. तिघं शाळेत एका बाकावरचे. चाळीस वर्षं एकमेकांच्या डोळ्यांसमोर काढली, पण तिघं मिळून कधी कुठे गेले म्हणाल तर नाही. पंक्चरवाल्याकडे टायर वाहायची व्हॅन होती. तो म्हणाला, "शुक्रवारी निघू, रविवारी पोचू. वाटेत समुद्र बघू आणि तुझ्याच तंबूत राहू. विकायच्या आधी राहून तरी बघायला नको?"

मास्तरने तंबूसाठी तिघांची मापं घेतली, तीही कापड बेतायच्या टेबलावर झोपवून. पंक्चरवाल्याला तिने सवयीने विचारलंसुद्धा, "ढगळ हवा की अंगाबरोबर?" मग कामाला लागली. पाणी न शोषणारं, आतून गुळगुळीत असं कापड आणलं, आणि वडिलांच्या नियमाने शिवलं. नियम एकच होता: इंचाला चौदा टाके. बारा म्हणजे आळस आणि दहा म्हणजे चोरी, असं ते म्हणत आणि लांब टाका दिसला की बोटांवर लाकडी पट्टी मारत. मास्तरने प्रत्येक शिवण दुहेरी घातली. शेवटचा दोरा तोडला तेव्हा ती जरा वेळ त्या तंबूकडे नुसतीच बघत बसली. इतकं मनासारखं काम तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवारी निघाले. गाव मागे पडलं आणि तासाभरात रस्त्याच्या डाव्या हाताला समुद्र आला तो येतच राहिला. सिस्टरने चपला काढून पाय वर घेतले आणि जाहीर केलं की तीन दिवस तिला कुणीही कुठे दुखतंय ते सांगायचं नाही. पंक्चरवाला गाडी चालवताना दिसेल त्या गाडीच्या टायरांबद्दल मत देत होता. संध्याकाळी नारळांच्या रांगेपलीकडे वाळू बघून थांबले. खुंट्या ठोकताना सिस्टरची आणि पंक्चरवाल्याची भांडणं झाली आणि अंडी उकडताना मिटली. रात्रभर वारा पिसाटल्यासारखा वाहत होता. तंबू फडफडला, पण एक शिवण ढळली नाही. पंक्चरवाल्याचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. मास्तर अंधारात पडल्या पडल्या हसत होती. सोमवारी भाच्याला काय सांगायचं, त्याची वाक्यंही तिने जुळवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तिघं तंबूत लवंडले होते. तीनच्या सुमाराला समुद्रावरून ढग आले आणि त्या बाजूला पडतो तसा, काही कल्पना न देता, पाऊस कोसळला. "बघ कसा," मास्तर ऐटीत म्हणाली. तेवढ्यात तिच्या कपाळावर थेंब पडला.

मग दुसरा मानेवर. मग सिस्टरच्या उशीवर, पिशव्यांवर, पंक्चरवाल्याच्या पोटावर. पाच मिनिटांत आत आणि बाहेर यात फारसा फरक उरला नाही. मास्तर उठली आणि बाहेर जाऊन पावसात उभी राहिली. आत राहूनही भिजायचंच होतं, तर मग बाहेर निदान रडलेलं कुणाला कळत नाही.

सिस्टर मागोमाग आली. "आत चल."

"सोमवारी जाते मी त्याच्याकडे. काजं-बटणंच बरी. तेवढीच लायकी आहे माझी."

"लायकी नंतर काढ. आधी कुठून गळतंय ते तर बघशील? वॉर्डात पेशंट रडतोय म्हणून आम्ही तपासायचं सोडत नाही."

तिने हाताला धरून आत आणलं. तिघांनी माना वर करून पाहिलं. मधलं कापड कोरडं ठणठणीत होतं. पाणी येत होतं ते फक्त शिवणीतून. टाक्याटाक्याला एक एक थेंब लोंबत होता, अगदी सरळ रेषेत, अगदी सारख्या अंतरावर. मास्तरच्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. सुई गेली की भोक पडतं. सुती शर्टाचा दोरा भिजला की फुगतो, कापड मिटतं, कुणाला काही कळत नाही. हे कापड मिटत नव्हतं. इंचाला चौदा, त्यात दुहेरी, म्हणजे अठ्ठावीस. आळशी शिंप्याने शिवला असता तर तंबू निम्माही गळला नसता. तिच्या मेहनतीनेच त्याची चाळण केली होती.

"अति तिथे माती," पंक्चरवाला म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"उसवून लांब टाके घाल ना," सिस्टर म्हणाली.

"पडलेलं भोक उसवून बुजत नाही." मास्तर खाली बसली. वडिलांचा तिला जन्मात पहिल्यांदा राग आला, आणि राग आला म्हणून आणखी रडू आलं.

पंक्चरवाला मात्र शिवणीवर बोट दाबून बघत होता, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो तसा. त्याचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"अगं, हे तर पंक्चर आहे!" तो म्हणाला. "एक नाही, हजारो आहेत. पण पंक्चरच आहेत ना? आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?"

पाऊस आला तसाच गेला. चार वाजता ऊन असं पडलं की जणू काही घडलंच नाही. त्यांनी दोन नारळांमध्ये दोर बांधून तंबू वाळत घातला. पंक्चरवाल्याने गाडीतून सोल्युशनच्या ट्यूबा आणल्या, ज्याने तो रबराचे तुकडे चिकटवत असे. मास्तरच्या पिशवीत उरलेल्या कापडाचे तुकडे होतेच, शिंप्याची पिशवी त्याशिवाय घरातून निघत नाही. शिवणीवर आतून पट्टी चिकटवायची, असं ठरलं. त्याने पहिली पट्टी लावली. सरळ शिवणीवर ती बसली, पण छताच्या वळणावर तिला चुण्या पडल्या.

"काय हे!" मास्तरने पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली. डोळे अजून सुजलेलेच होते. "सरळ कापलेली पट्टी वळणावर बसते होय? उरेब कापावी लागते, कापडावर तिरपी. मग ती वळते. गळ्याला पट्टी लावताना तीच लावतात."

"मला काय ठाऊक? मी काय टायरांना गळे शिवतो?"

"दे इकडे. तू नुसतं फास."

ती कापत गेली, तो फासत गेला, सिस्टर जखमेवर पट्टी दाबावी तशी दाबत गेली. अंधार पडेपर्यंत निम्मं झालं, उरलेलं सकाळी उजाडताच घेतलं. सोल्युशनच्या वासाने तिघांचीही डोकी भणभणली होती. शेवटचा एक कोपरा राहिला आणि सोल्युशन संपलं.

वाटेत पंक्चरवाला म्हणाला, "हे बघ, त्यांना काही सांगत बसू नकोस. विचारलंच तर म्हणायचं, आमची पद्धतच आहे अशी."

मास्तरने मांडीवरच्या तंबूची घडी पुन्हा नीट केली.

रविवारी दुपारी पोचले. एव्हाना हॉस्पिटलातून घरी परतलेल्या मालकीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. तंबू उभा केला, त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून शिवणीला हात लावला आणि त्यांचे डोळेच मोठे झाले.

"अहो, काय टाका आहे! इतका बारीक, इतका एकसारखा. आजकाल कोण शिवतं असं?"

पंक्चरवाल्याने समुद्राकडे बघायला सुरुवात केली. सिस्टर चपलेतली वाळू झाडायला लागली. मास्तरच्या मनात आलं, नुसतं हसायचं आहे. एवढं सोपं आहे. बारा तंबूंचं काम, दुकान चालू आणि वडिलांच्या टाक्याचं कौतुक, तेही परक्या माणसाच्या तोंडून. हे कौतुक ऐकायला तिचे कान कित्येक वर्षं आसुसले होते.

"ताई," ती म्हणाली, "तोच तर घोळ आहे. बारीक टाक्यामुळे तंबू गळला. काल आम्ही तिघं आत भिजलो. या पट्ट्या नंतर लावल्यात, पंक्चर काढायच्या सोल्युशनने. माझी चूक झाली."

"बघूच या," मालकीणबाई म्हणाल्या. मग बागेतला पाइप पंक्चरवाल्याच्या हातात दिला, एक प्लास्टिकची खुर्ची आत टाकायला लावली आणि काठी सांभाळत जाऊन बसल्या. मास्तरही आत गेली. छतावर पाणी पडायला लागलं. पाव तास दोघी माना वर करून बसल्या होत्या. छत कोरडं, वळणं कोरडी, कडा कोरड्या. मग मागच्या कोपऱ्यात टप् झालं.

"आणि हा?"

"तिथे पोचेपर्यंत सोल्युशन संपलं."

बाई मोठ्याने हसल्या. हसताना पाय दुखला म्हणून कळवळल्या आणि तरी हसतच राहिल्या. "मागचे तंबू गळले तेव्हा मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्हीच नीट उभारले नसतील. गळतो असं आधी सांगून तंबू विकायला आलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय." मग त्या गंभीर झाल्या. "आता मला सांगा, माझ्यासाठी शिवाल तेव्हा टाके किती घालाल?"

उत्तर मास्तरला कालपासूनच माहीत होतं. पण ते तोंडातून बाहेर काढायचं म्हणजे बापाला उलटून बोलण्यासारखं होतं. उजव्या हाताची बोटं तिने नकळत मिटून घेतली. मग तिला वाटलं, ते आज या खुर्चीशेजारी बसले असते तर आधी रागावले असते, मग वर पाहिलं असतं, मग स्वतःच्या कोरड्या शर्टावरून हात फिरवला असता आणि गप्प बसले असते. कोरड्या राहिलेल्या माणसाशी टाके मोजून भांडता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"सहा," ती म्हणाली. मग तिने पुन्हा, नीट सांगितलं, "इंचाला सहा. दोरा जाड, आणि आतून पट्टी."

"आधी दोन करा," मालकीणबाई म्हणाल्या. "एक पावसाळा काढू देत त्यांना. टिकले, तर उरलेले दहाही तुमचेच."

मास्तर बाहेर आली. पाइप अजून चालूच होता आणि पंक्चरवाला स्वतःच नखशिखांत भिजला होता. सिस्टरने नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मास्तरने दोन बोटं दाखवली. सिस्टरने तिला अशी मिठी मारली की दोघी वाळूत पडता पडता राहिल्या.

मग मास्तरने भाच्याला फोन लावला.

"आत्या, उद्यापासून येतेस ना? खुर्ची तयार आहे."

"उद्या येते," ती म्हणाली, "पण खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसव. मला तंबूच्या कापडाचे दोन तागे हवेत, तू घेतोस त्या घाऊक दुकानातून. आणि कापड मी स्वतः हात लावून बघणार. फोनवरून निवडलेलं मला चालत नाही."

पलीकडे तो हसला. "अगं, अजून कामाला लागली नाहीस, तोच दटावायला लागलीस?"

"लागले की," मास्तर म्हणाली. "कालच लागले."